पुलाच्या वर सगळं शाबूत

४ ऑगस्ट
आज शरीररचना विभागात रुजू झाले. सुटले बाई एकदाची वॉर्डमधून! ना राउंडची धावपळ, ना नातेवाइकांचे प्रश्न. खोली लहान, पण माझी एकटीची: टेबल, बाक, मोठी खिडकी, आणि खणात आधीच्या मॅडमचे तीन चष्मे. इथले जुने कर्मचारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी बजावलं की विच्छेदनाच्या टेबलावरच्या माणसांकडे पाठ करायची नाही, राग येतो त्यांना. मी म्हटलं, मामा, मला जिवंत माणसांचे राग झेलायची सवय आहे. ते खूप हसले.

७ ऑगस्ट
पहिला वर्ग झकास झाला. मुलांना मेंदूचा देठ शिकवला. देठाच्या मधला फुगवटा म्हणजे पॉन्स, म्हणजे पूल. हालचालीचे हुकूम वरून निघतात आणि या पुलावरून शरीरात उतरतात. पुलाची पुढची बाजू मेली की हात, पाय, जीभ, सगळं बंद. डोळे डावी-उजवीकडेही वळत नाहीत. वर-खाली मात्र होतात, कारण ती चावी पुलाच्या वर असते. आणि माणूस आत टक्क जागा असतो, सगळं ऐकतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, मग डॉक्टरला कळणार कसं? मी ऐटीत सांगितलं, सोपं आहे, वर बघा म्हणायचं!

१२ ऑगस्ट
मामांनी आज नवा मेंदू काढला. देहदान केलेल्या बाई, वय एकसष्ट, शाळेत शिकवायच्या. कार्डावर माझं जुनं रुग्णालय आणि मार्चमधली तारीख. सुरी चालवली. वरचा मेंदू सुरेख, एक डाग नाही. पूल मात्र पुढून पार गळालेला. मुलं वाकून बघत होती आणि मला सात नंबरचा पलंग आठवला.
मीच तपासलं होतं त्यांना. हात दाबा, म्हटलं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा. वर बघा म्हटलं नाही. तेवढंच राहिलं.
त्यांची मुलगी सांगत होती, आई माझ्याकडे बघून डोळे वर करते. मी बाईंच्या उशाशीच उभी राहून तिला समजावलं, की त्या नुसत्या नसांच्या हालचाली आहेत, आत कुणी उरलेलं नाही. माझ्या शब्दावर तिने सही केली. श्वासाचं यंत्र काढलं. बाई हे सगळं ऐकत होत्या.

१६ ऑगस्ट
घास उतरत नाही. नवरा म्हणतो, चुका कुणाच्या होत नाहीत? त्याला काय सांगू! मला भूक लागली होती हो त्या दिवशी, राउंड उरकायचा होता. इतक्या फालतू कारणासाठी एक बाई गेली.
मामा म्हणाले, मुलगी दर महिन्याला फोन करते, आईचा मुलांना उपयोग झाला का विचारते. तिला सांगायला हवं. उद्या फोन करते.

१९ ऑगस्ट
फोन केला नाही. भित्री कुठली!
वर्गात बोलता बोलता जीभ थबकली. अर्धं मिनिट. मुलांना वाटलं, मी आठवतेय.

२३ ऑगस्ट
डावा हात आज मेल्यासारखा. स्कॅन स्वच्छ आला. तपासणारी मैत्रीण म्हणाली, मनाचे खेळ आहेत. किती सहज म्हणाली.

२६ ऑगस्ट
दुपारी बाकावर आडवी झाले. जाग आली तर बोटसुद्धा हलेना. मामा आणि आमचे विभागप्रमुख सर डोक्याशी उभे होते. म्हणत होते, दमल्यात, पडू द्या. मी ओरडत होते, आतल्या आत. डोळे वर— खाली— वर— सर म्हणाले, स्वप्न पडतंय वाटतं. दार ओढून गेले.
मग उशाशी कुणीतरी विचारलं, वर बघता येतं ना?
चिडून नाही. वर्गात बाई विचारतात तसं. त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. तरी ओळखला.

२७ ऑगस्ट
केला फोन. मुलगी उद्या अकराला येतेय. सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली.

२८ ऑगस्ट
आली. बाहेर मामांशी बोलतेय. जीभ जड— आत्ताच का—
समोर बसलीय. आभार मानायला आले, म्हणते. आईला काही कळलं नाही, तुम्ही सांगितलंत, त्याच आधारावर जगतेय, म्हणते. अरे देवा—
तोंड उघडत नाही. उजवा हात तेवढा— वही तिच्याकडे सरकवून लिहितेय— दुसऱ्याची रोजनिशी कशी वाचायची म्हणून ती भली बाई खिडकीकडे बघतेय—
वाचा ना, ताई— मी डोळे वर करतेय, बघा— तुमच्या आईला शेवटपर्यंत सग—