तुझा ठिपका पुसल्यावर

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, आडवा पडलो असं धरून चाल.) मी तुझं बोलणं मध्येच तोडलं आणि तू बॅग भरून भाड्याच्या खोलीत गेलीस, त्याला तीन महिने झाले. खोली हवेशीर आहे, खोकलाही कमी झाला, असं लेकीकडून कळलं. आम्ही सगळे मजेत आहोत. (हे वाक्य पत्रात असावं लागतं.)

पत्रास कारण हीच लेक, तुझी भाची. ती हल्ली संगणकात ठिपके पाळते. एकेक ठिपका म्हणजे माणूस, मुंगी किंवा मोटार. प्रत्येकाला दोन-तीन साधे नियम द्यायचे, शेजारच्याकडे बघून वागायला मोकळं सोडायचं आणि मग वारूळ कसं उभं राहतं, रस्ता कसा तुंबतो, ते पाहायचं. हुकूम देणारा कुणीच नाही. ज्याने चाळीस वर्षं सभा गाजवल्या, त्याच्याच घरात हे ऐकून घ्यायचं. मी ठणकावून सांगितलं, माणूस ठिपका नव्हे, तो विचाराने पेटतो. ती म्हणाली, "बरं बाबा, आपलं घरच घालून बघू."

चार ठिपके केले. तुझी भावजय जिथे उजेड तिथे विणकाम घेऊन बसणार. लेक दोघं बसलेली दिसली तरच तिसरी होणार. तू जवळच्याला "मग?" विचारून त्याचं संपेपर्यंत ऐकणार. मी खोली रिकामी होईपर्यंत बोलणार. हा घोर अन्याय आहे म्हणालो, तर म्हणे नियम तिने ठरवलेच नाहीत, तू असताना महिनाभर बघून टिपले होते. हजार संध्याकाळी चालवल्या. जेवणाच्या टेबलाशी बहुतेक रोज चौघं. मग तिने तुझा ठिपका पुसला. भावजय खिडकीशी, लेक तिच्या खोलीत, आणि माझा ठिपका टेबलाभोवती एकटाच घिरट्या घालतोय.

या पद्धतीचा पाया कसा पोकळ आहे, ते मी मुद्देसूद मांडलं. रंगात आलो होतो. वळून बघतो तर भावजय कुंड्यांना पाणी घालायला गेलेली, लेक न्हाणीघरात, आणि समोर फक्त संगणकाचा पंखा घरघरतोय. थोड्या वेळाने तोही थांबला.

तरीही माझं मत कायम आहे. तुला परत बोलवायला हे पत्र मुळीच नाही. तुझा निर्णय स्वाभिमानाचा आहे आणि माझा त्याला जाहीर पाठिंबा आहे.

तुझा धाकटा

ता. क. तुझी पांघरुणं उन्हात टाकली. मी स्वतः.

दुसरा ता. क. लेकीने माझ्या ठिपक्याला नवा नियम दिला आहे: कुणी बोलायला लागलं की आधी वीस आकडे मोजायचे. सराव चालू आहे. सध्या सातपर्यंत पोचलो.

शेवटचा ता. क. भिंतीवरचं घड्याळ कवटाळून बसमध्ये चढलेल्या त्या बाईची गोष्ट तू सांगत होतीस आणि मी मध्येच सार्वजनिक वाहतुकीवर पाऊण तास बोललो. कंडक्टर तिला काय म्हणाला? पत्रात लिहू नकोस. टेबलाशी बसून सांग. मी वीसच्या पुढेही मोजत राहीन.