कुमुदचं पपनस

१२ नोव्हेंबर १९५६
कुमुद दिवाळीला माहेरी आली ती राहिलीच. पाचवा महिना, तरी ओकाऱ्या थांबत नाहीत. आली तेव्हाच्या बांगड्या आज कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर म्हणाले, पोटात राहील ते द्या, वजन असंच उतरलं तर मुंबईला न्यावं लागेल. काय खावंसं वाटतं, विचारलं. "पपनस. आमच्याकडचं."
आमच्याकडचं म्हणजे नागावचं, सासरचं. कळायला मला एक क्षण लागला.

१३ नोव्हें.
बाजार. विचुंबे गावची फळवाली बाई टोपली घेऊन बसलेली. लाल गराचं मागितलं. "लालच हाय बाय. नाय निगला तं मना येवून सांग." घरी कापलं, पांढरं. कुमुदने एक फोड तोंडात घातली, काढून ठेवली. सांगायला गेले तर बाई उठून गेलेली.

१५ नोव्हें.
हे कामाला मुंबईला गेले होते, येताना एक घेऊन आले. लाल खरं, पण देठाकडे मान असलेलं, सुरईसारखं. साल दोन बोटं जाड, आत गर मोसंब्याएवढा. कुमुद म्हणते, असं नाही, आमचं गोल असतं. हे आधी सांगता येत नव्हतं? मी ओरडले. ती रडली. मग पापुद्रे काढत बसले, कुणीच न खाण्यासाठी.

१६ नोव्हें.
शेजारच्या गोदूताईंचं म्हणणं, पपनस नव्हेच, ओकारीवर महाळुंग. स्वतःच आणून दिलं. खडबडीत, नुसती साल. वास मात्र असा की कुमुद ते उशाशी घेऊन निजली. खायला त्यात काही नाही. आता गोदूताई सकाळ-संध्याकाळ कुंपणावरून विचारणार, उतार पडला का.
मी लिहायला घेतलेली गोष्ट अर्धी पडली आहे. नायिका आठवडाभर उंबऱ्यात उभी. राहू दे.

१८ नोव्हें.
लाल, गोल, पातळ सालीचं मिळालं. ताजं, देठाला पान. आंबटढाण. कुमुद भडभडून ओकली.
हे म्हणाले, तिला पपनस नकोच आहे, घर हवंय. कुठलं, ते मी विचारलं नाही.

२० नोव्हें.
जावई आले. पिशवीत तीन पपनसं, विहीणबाईंनी दिलेली. सुरकुतलेली, पिवळी, आजारी माणसासारखी. बाजारात मी हातातही घेतली नसती. आणि गर पांढरा!
"लाल मी कधी म्हटलं, आई? तूच लाल लाल करत होतीस."
खरं आहे. माझ्या माहेरी लाल असायची.
अर्धं खाल्लं तिने. पोटात राहिलं. हायसं वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते ठाऊक नाही. जावई सांगत होते, उतरवल्यावर त्यांची आई फळ पेंढ्यात ठेवते, साल सुरकुतल्याशिवाय सुरी लावू देत नाही. म्हणजे जात ओळखूनही भागत नाही.

२१ नोव्हें.
जेवताना जावयांनी हळूच काढलं. त्यांच्या आईला वाटतं, तिकडचं अन्न मानवतंय तर बाळंतपणही तिकडेच व्हावं. पहिलं बाळंतपण. ते माहेरी होतं, हे त्या बाईंना मी सांगायचं? हे भात कालवत राहिले. मी कुमुदकडे पाहिलं.
"रागावू नकोस. पण तिथे मला भूक लागते गं."
रागावले नाही. वाढायचं सोडून आत गेले, एवढंच.

२२ नोव्हें.
जावई गेले. महिनाअखेरीला परत येतील, तोवर कुमुदने ठरवायचं. बाजारात विचुंब्याची बाई सापडली. गोल, पांढरी चार घेतली. "पांडरी? आता पांडरी कशाला गो बाय?" पैसे मोजून दिले. माळ्यावर पेंढ्यात ठेवली. घरात कुणाला बोलले नाही.

२९ नोव्हें.
सासरची तिन्ही संपली. दोन दिवस पुन्हा नुसत्या पेजेवर. जावई उद्या येणार.
दुपारी माळ्यावर चढून चारही दाबून पाहिली. साल ताठ. एक देठाशी जरा मऊ लागलं, की माझ्या बोटांनाच तसं... खालून कुमुदची हाक, वर काय करतेस. काही नाही म्हटलं.
वरून तिची ट्रंक दिसत होती. झाकण उघडं. भरायला काढली की पातळ हवं होतं म्हणून, हे उतरून विचारावं, तर आधी ते मऊ लागलेलं पपनस पदरात घेतलं, मग उतरले.