रियाजच्या दोन बोटांसाठी दोन टेलिफोन लाइनी एकत्र ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
दूरध्वनी केंद्र, महामार्ग उपविभाग.

अर्जदार : लियाकत मुजफ्फर तांबोळी, सेवानिवृत्त एस.टी. चालक, रा. कामथडी, ता. भोर, जि. पुणे.

विषय : तोडलेली लाइन शुक्रवार, दि. १९/९/२००३ रोजी दुपारी अडीचच्या आत जोडून मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, दि. ८/९/२००३ (‘खासगी एक्स्चेंज चालविणे’).

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याने एक्स्चेंज वगैरे काहीही चालविलेले नाही. त्याने चौतीस वर्षे फक्त एस.टी. चालविली, तीही विनाअपघात.

२. अर्जदाराचा मुलगा रियाज जन्मापासून मुका-बहिरा आहे. शाळा मिळाली नाही, त्यामुळे लिहिता-वाचता येत नाही. त्याने आणि त्याच्या आईने, म्हणजे सकिनाने, घरातल्या घरात हातांची बोली तयार केली. ती त्या दोघांना आणि रियाजची बायको अफसाना हिला येते. चौथ्या कोणाला येत नाही. रियाज शारजाला सुतारकाम करतो व दर शुक्रवारी अडीच वाजता तिथल्या नेटच्या दुकानातून घरच्या कॉम्प्युटरवर दिसतो. पण एका लाइनवर चित्र असे अडखळते की हात आत्ता इथे, तर एकदम तिथे. मधले बोलणे गायब. म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या अफसानाने दोन मोडेम बसवून शेजारीण ठकुबाई वाल्हेकर यांची लाइन खिडकीतून आत घेतली व दोन्ही लाइनींवर मिळून एकच इंटरनेट चालविले. हात सरळ हलू लागले. सकिना त्या दिवशी जेवायची विसरली. ठकुबाईंनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे : “माजा फोन नुसता पडून असतोय. पोराला आईसंगं बोलू द्या की.”

३. आपल्या लाइनमनचा अहवाल असा की, दोन्ही फोन एकाच नंबरवर तासभर चालू असतात, ऐकले असता नुसती खरखर येते, ‘कोणीही बोलत नाही, सबब संशयास्पद’. साहेब, मुका मुलगा बोलणार कसा?

तसेच एका जागेची लाइन दुसऱ्या जागेत नेता येत नाही, असा नियम दाखविण्यात आला. नियम मान्य. अर्जदाराने ठकुबाईंच्या संमतीने मधली भिंत चार हात पाडून जागा एक केली. लाइनमन पाहून गेले व घर नंबर दोन आहेत म्हणाले. ग्रामपंचायतीत गेल्यावर कळले की एका नंबरास एकच कुटुंब लागते. ठकुबाई कुटुंबात यायलाही तयार झाल्या. परंतु रेशनकार्डावर नात्याच्या रकान्यात ‘शेजारीण’ लिहिता येत नाही, असे सांगून तिथेही हात वर करण्यात आले. भिंत अद्याप पडलेलीच आहे व ठकुबाईंची कोंबडी अर्जदाराच्या घरात अंडी घालते.

४. आता मुख्य बाब. शुक्रवार दि. ५ रोजी सकिनाच्या डोळ्यांसाठी अफसाना तिला घेऊन भोरला गेली होती. परतीची एस.टी. वेळेवर आली नाही. (याविषयी अर्जदाराने काही बोलणे शोभणार नाही.) अफसानाने शिकवून ठेवल्याप्रमाणे अर्जदाराने एकट्याने कॉम्प्युटर लावला. रियाज दिसला. त्याने छातीला हात लावला, दोन बोटे पुढे केली आणि अर्जदाराकडे पाहत राहिला. असे तीनदा केले. अर्जदाराला काहीही कळले नाही. पोरगा वाट पाहतोय, त्याला वाईट वाटू नये, म्हणून अर्जदाराने मान डोलावली. तेवढ्यात आपल्या लाइनमनने ठकुबाईंची लाइन तोडली व चित्र गेले.

५. सकिना म्हणते, बोटे चालत असतील तर ‘घरी येऊ का?’ अफसाना म्हणते, बोटे उभी असतील तर ‘आणखी दोन वर्षे राहू का?’ बोटे चालत होती की उभी होती, हे अर्जदाराला आठवत नाही. दोघी दहा दिवस त्याला हात करून दाखवायला लावत आहेत. तो दर वेळी वेगळेच दाखवतो.

रियाजच्या शारजातल्या मुकादमास फोन केला असता तो म्हणाला, “बाप ने हाँ बोला, कागज बन रहा है,” आणि फोन ठेवला. कसला कागज, ते सांगितले नाही. त्याच्याच म्हणण्यानुसार त्यावर शनिवारी, दि. २० रोजी रियाजचा अंगठा होणार आहे. आपल्या कार्यालयातील सल्ल्यानुसार अर्जदार दि. १२ रोजी अफसानाला घेऊन पुण्याच्या नेटच्या दुकानात गेला. तिथे आठ कॉम्प्युटर एकाच लाइनवर होते. दोन बोटे डावीकडे दिसली, मग उजवीकडे दिसली. चालत गेली की नुसती नेली, ते अफसानालाही सांगता आले नाही, व तिचे हात रियाजला समजले नाहीत. ती बाहेर येऊन पायरीवर बसून रडली. आता नको म्हणावे, तर कशाला नको म्हणायचे? घरी येण्याला नको म्हटले गेले, तर अर्जदाराला जन्मभर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

६. पोराने आजवर जे विचारायचे ते आईला विचारले. अर्जदार कायम गाडीवर, त्याने ती बोली शिकायला कधी सवड काढली नाही, हा त्याचाच गुन्हा आहे व तो त्यास कबूल आहे. त्याबद्दल नोटीस काढावयाची असल्यास जरूर काढावी. परंतु तेहतीस वर्षांत रियाजने बापाला पहिल्यांदा काही विचारले आणि बापाने न समजता हो म्हटले. सबब शुक्रवारी अडीच ते तीन एवढाच वेळ दोन्ही लाइनी एकत्र चालू द्याव्यात. अर्जदारास तो होकार मागे घ्यायचा आहे किंवा कायम ठेवायचा आहे. यांपैकी काय, ते त्या अर्ध्या तासात कळेल.

सोबत : नोटिशीची प्रत, रियाजचा अपंगत्वाचा दाखला, ठकुबाईंचे संमतीपत्र (अंगठा).

शुक्रवारपर्यंत आपल्या दारात बसण्यास तयार असलेला,
आपला नम्र,
लियाकत मुजफ्फर तांबोळी
कामथडी, दि. १५/९/२००३