कोरडी होडी

प्रिय कर्टिस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरला असशील. म्हणून आधीच सांगते, आम्ही दोघंही हातीपायी धड आहोत. दुपारची कामं उरकून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय आणि मागच्या शेडमधून हातोडीचा आवाज येतोय. तुझ्या बाबांची हातोडी! एल्वुड गास्किन पुन्हा होडी बांधतोय ही बातमी सगळ्या बेटावर फिरलीय, आणि दुकानात गेलं की जो तो माझं अभिनंदन करतो, जसं काही या वयात मला दिवस गेलेत.

तुझा भाऊ गेल्यापासून त्यांनी रंध्याला हात लावला नव्हता. रॉयबरोबर आपली जुनी होडीही खाडीच्या मुखाशी बुडाली आणि तुझे बाबा लोकांच्या गाड्यांची इंजिनं दुरुस्त करत बसले. मग या वसंतात एक दिवस ट्रकभर सीडारच्या फळ्या घरी आल्या. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "रात्री भाल्यानं लेपे मासे मारायला होडी. सपाट तळाची. गुडघाभर पाण्यातही सरकली पाहिजे." मी तोंडाला एप्रन लावला आणि आत जाऊन मनसोक्त रडले. त्या रात्री मी मक्याचं पीठ लावून मासे तळले, तर माणसानं दोनदा मागून घेतले.

तू ओळखतोसच त्यांना. कागदावर रेघ नाही, मोजपट्टी नावाला. एक डोळा मिटून फळीकडे बघायचं आणि करवत चालवायची. दोन्ही बाजू वाकवताना फळीचं दुसरं टोक मीच धरलं, जशी पूर्वी धरायची. "नेवा, हलू नकोस गं, तू काय चर्चमधल्या बाकावर चुळबुळत बसलीयस का?" असं माझ्यावर खेकसलेही. कित्येक वर्षांत इतकं गोड कुणी खेकसलं नव्हतं मला. तळाच्या फळ्या आडव्या, सांध्यांत कापूस ठोकलेला, पुढे उभं राहायला रुंद फळी. पुढच्या टोकाला लोखंडी दांड्यावर गाडीचे दोन दिवे बसवलेत, पाण्याच्या जरासे वर, म्हणजे वाळूत अंग पुरून पडलेल्या लेप्याची कड न् कड दिसावी. मधोमध बॅटरीची पेटी. भाले ठेवायला बाजूला दोन खाचा. शेजारचा लेस्टर बघून म्हणाला, "वहिनी, हुबेहूब जुनीच आहे की!" आणि मग स्वतःच जीभ चावली.

खरंच हुबेहूब आहे, कर्टिस. मला वाटलं, म्हातारं माणूस, हाताला जे वळण आहे तेच उतरणार.

मग एका संध्याकाळी जेवताना त्यांनी तुझं नाव घेतलं. या घरात तुझं नाव फक्त मीच घेते, तेही भांडी घासताना, हे तुला माहीत आहे. रॉयला पुरलं त्या दिवसापासून त्यांनी ते उच्चारलं नव्हतं. "कर्टिसला लिही," म्हणाले. "होडी होत आलीय म्हणावं. मला मागे काठी रेटायला जमेल, पण पुढे भाला धरून उभं राहायला डोळे राहिले नाहीत. तो पुढे राहील." माझ्या हातातला काटा खाली पडला. आज ना उद्या हा माणूस पाघळणार असं मी मनात धरून बसले होते. मी त्याच रात्री लिहायला घेतलं असतं, पण पेनातली शाई वाळली होती. आता वाटतं, देवानंच वाळवली.

कारण दुसऱ्या दिवशी मी सहज म्हटलं, "मग होडी बुडवायची कधी?" आपल्याकडे शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. नवी होडी, किंवा उन्हाळाभर उन्हात पालथी पडलेली होडी, आधी काठाशी पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, सांधे मिटतात. तेव्हा कुठे माणसानं तिच्यात पाय ठेवायचा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही बुडवायची. तशीच काढणार." मी म्हटलं, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? गळेल ना ती!" तर म्हणाले, "रात्रीपुरतं चालेल."

रात्रीपुरतं चालेल. हे शब्द कुणाचे आहेत ते तुला सांगायला नको. तूच त्या रात्री घरी येऊन, ओल्या कपड्यांनी या फरशीवर उभा राहून, सगळं खरं सांगितलं होतंस. रॉय म्हणाला होता आधी बुडवून ठेवू, आणि तू म्हणालास रात्रीपुरतं चालेल. मी तुला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. बावीस वर्षांचं पोर, लेपे किनाऱ्याला लागलेले, अमावास्येचा अंधार, कोण थांबतं? पण तुझे बाबा तेव्हा दाराशी उभे राहून ऐकत होते, आणि त्यांनी ते शब्द जपून ठेवलेत.

त्यानंतर मी शेडमध्ये नीट बघायला लागले. होडीच्या तळावर पायाखाली जे पाट असतात ते आपण सुटे ठेवतो, उचलून खालचं पाणी उपसता यावं म्हणून. यांनी ते खिळ्यांनी पक्के ठोकलेत. खाली पाणी चढलं तरी दिव्याच्या उजेडात वाळूकडे डोळे लावलेल्या माणसाला ते कळायचं नाही, बूट जड होईपर्यंत. पाणी उपसायचा डबा कुठेच नाही. पोहायची जाकिटं खुंटीवर होती, ती त्यांनी चर्चच्या जुन्या सामानात देऊन टाकली. आणि काल रॉयचे बूट काढले. मांडीपर्यंतचे, तेच, जे त्याच्या पायांवरून मी कुणाला कापू दिले नव्हते, हातानं ओढून काढले होते. त्यांना तेल लावून दाराशी उभे केलेत. म्हणाले, "कर्टिसला होतील."

मी विचारलं, "कुठे जाणार आहात दोघं?" म्हणाले, "मुखापाशी. लेपे तिथेच असतात." आवाजात राग नव्हता रे. राग असता तर मी भांडले असते. बेत पक्का झालेल्या माणसासारखे शांत होते, आणि परत जाऊन खिळे ठोकायला लागले. ते स्वतःही त्याच होडीत असणार आहेत, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

तर राजा, हे पत्र मी त्यांच्या सांगण्यावरून लिहितेय. "अमावास्येला ये, बूट आणू नकोस, इथे आहेत" एवढंच लिही म्हणाले, आणि मी मान डोलावली. पत्र पोस्टात टाकलं असं त्यांना सांगेन, आणि ते खोटं नसेल. पण तू येऊ नकोस. नॉरफोकच्या गोदीतली तुझी मोठी लोखंडी जहाजं सोडून हलू नकोस. उद्या ते बॅटरी आणायला बेटापलीकडे, मुख्य किनाऱ्यावर जाणार आहेत. लेस्टरला ट्रक घेऊन बोलावलंय. तो म्हणाला, "वहिनी, एल्वुड मला फाडून खाईल." मी म्हटलं, "त्यांना आधी मला खाऊ दे." पाट मी पहारीनं उचकटणार आणि होडी मागच्या ओढ्यात दगड भरून बुडवणार, सांधे मिटेपर्यंत. परत आल्यावर त्यांना ती पाण्याखाली दिसेल, आणि मला सगळं कळलंय हे त्यांना कळेल. आम्हाला त्यावर बोलावं लागणार नाही. मग अमावास्येला ते बूट मी घालीन आणि भाला धरून पुढे उभी राहीन. त्यांची पाठराखण मी आयुष्यभर केली, आता त्यांना माझ्या पाठीकडे बघत काठी रेटू दे. ते मला परत आणतील असं वाटतं. आणलं, तर मी स्वतः तुला फोन करीन. माझ्या आवाजात "ये" असं ऐकशील तेव्हाच ये.

हातोडी थांबलीय. घडी घालते.

तुझीच,
आई