उचललं तसं ठेवलं

३ ऑक्टोबर १९९४, सांगली
आले एकदाची सांगलीला! म्हसवडहून निघालेली एसटी विट्याला पंक्चर झाली, तरी दहाच्या ठोक्याला दवाखान्यात हजर. नर्सेस क्वार्टरमध्ये खिडकीजवळची खाट मिळाली, आणि नळाला रोज पाणी! आमच्या माण तालुक्यातल्या बायकांना सांगितलं तर खोटं वाटेल. दोन महिने कच्ची नोकरी, मग ३० नोव्हेंबरला मेडिकल तपासणी. पास झाले की कायम, आणि कायम झाले की आईला इकडंच आणायची. मेंढरांमागं हिंडून तिची हाडं झिजलीत, आता पुरे.

५ ऑक्टोबर
माझा वॉर्ड बायकांचा. लकव्याच्या, मांडी मोडलेल्या, स्वतःहून कूसही बदलता न येणाऱ्या. दिवसभर उचल, वळव, बसव. इथल्या सगळ्या सिस्टर पाठीनं बेजार. इनचार्ज चारुशीलाबाई कमरेला पट्टा बांधून राउंड घेतात. दुसरीचा खांदा वर होत नाही, तर तिची वेणी तिची पोरगी घालून देते. मी मेंढरं खांद्यावर टाकून वाढलेली, मला काय धाड भरलीय?

एक गंमत. इथं पेशंट दोघींनीच उचलायचा, आणि खाली ठेवला की दोघींनी खाटेला तळवे टेकून मोठ्यानं म्हणायचं, "ठेवलं." रंगुबाई म्हणून जुनी आया आहे, तिला विचारलं हे कशाला. ती म्हणाली, "उचललेलं ठिवलं न्हाई, तर ते आपल्यासंगं घरला येतंय." मी पदर तोंडात कोंबून हसले. शिकलेल्या बायका आणि हे असलं!

१९ ऑक्टोबर
आज अकरा नंबरच्या बायडाबाई आजी गेल्या. माझ्या हातांत गेल्या.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या होत्या. आजींना एक्सरेला न्यायचं होतं. रंगुबाई हात धुऊन येते म्हणाली, पण मला कुठं दम निघतोय. आजी म्हणाल्या, "पोरी, एकटी नगं. म्या लय जड हाय." मी म्हटलं, गप पडा हो आजी, आणि काखेत हात घालून उचललं. खाट आणि ट्रॉलीच्या मधेच त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मग धावपळ, डॉक्टर, सगळं. हृदय थांबलं, कुणाचा दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले.

रिपोर्टबुकात लिहावं लागलं, कुणी उचललं. एकटीनं म्हणून लिहिलं असतं तर आजच घरी बसवलं असतं. मी लिहिलं, मी आणि रंगुबाई. तिला वाचता येत नाही.

"ठेवलं" म्हणायचं राहूनच गेलं.

२४ ऑक्टोबर
उजवा खांदा खाली ओढतोय. मानेपासून माकडहाडापर्यंत ठणका. बाम चोळला, गोळ्या घेतल्या. कुणाला सांगितलं नाही. पाठ गेलेल्या नर्सला कायम कोण करणार? पण खांद्यावर एकाच जागी जडपणा आहे, मान टेकावी एवढ्या जागेत.

१ नोव्हेंबर
क्वार्टरमधली माझी खाट मोडली. उजवी चप्पल टाचेकडून पार झिजली. वॉर्डातल्या वजनकाट्यावर उभी राहिले. एकशे आठ. म्हटलं काटा बिघडला. रंगुबाईला उभं केलं, तिचं बरोबर आलं.

मी सेहेचाळीस किलोची. आजींचा केसपेपर काढून बघितला. वजन: बासष्ट.

तपासणीत पहिलं वजनच करतात.

९ नोव्हेंबर
रंगुबाईनं माझी चाल बघून ओळखलं. ओरडली नाही. फक्त म्हणाली, त्याच खाटेला हात लावून सगळ्यांसमोर खरं सांग, एकटीनं उचललं म्हण, मग ठेव. सगळ्यांसमोर! म्हणजे रिपोर्टबुकातलं खोटं उघडं, नोकरी गेली, आणि मी परत माणात.

कुणी नसताना अकरा नंबरला तळवे टेकले, हळूच म्हटलं, ठेवलं. काही उतरलं नाही. कसंही करून तपासणी होऊ दे, मग सांगते. देवाशपथ सांगते.

२१ नोव्हेंबर
कानाजवळ श्वास. आजींच्या मशेरीचा वास. झोपले की कूस बदलत नाही — दोघींचं वजन एका पाठीनं कसं वळवायचं? काटा बघत नाही आता. आईचं पत्र आलं, बोचकी बांधून ठेवलीत म्हणे. बिचारी.

२६ नोव्हेंबर
सांगणार होते. खरंच. राउंडला सगळ्या होत्या. अकरा नंबरला हात टेकला, तोंड उघडलं —
जीभ उचलेना. तीही जड.
पडले. तिथंच.

२९ नोव्हेंबर
अकरा नंबर. मला इथंच ठेवलंय. पाय नाहीत. जीभ नाही. डावा हात तेवढा हलतो. वळवायला चौघी लागतात.
सगळं लिहून रंगुबाईपुढं धरलं. ती रडली. तिला वाचता येत नाही.
चारुशीलाबाई पाठीनं रजेवर. डॉक्टरांनी वाचलं, म्हणाले, डोक्यावर परिणाम —

३० नोव्हेंबर
आज तपासणी होती.
आष्ट्याची नवी पोरगी आलीय. हसरी. "ठेवलं" म्हणायचं ते सगळं रंगुबाईकडून ऐकून पदरात तोंड घालून हसली.
दुपार. सगळ्या जेवायला. मला एक्सरेला न्यायचंय. रंगुबाई हात धुऊन येते म्हणाली — पोरगीला दम नाही — ट्रॉली आणली —
वही तिच्यापुढं धरतेय. बघत नाही. म्हणते, गप पडा हो ताई. काखेत हात —

पोरी, एकटी नको. मी लय