मरणाऱ्या जवानाचं भाषण

मामा,

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा? आजीच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? तुम्ही सगळेच एकामागून एक गेलात, म्हणून विचारपूसही एकाच कागदात उरकतो. इकडं मी बरा आहे.

निवृत्त झालो तरी वाचनालयात जाऊन बसतो. सकाळी कॉलेजचा एक पोरगा आला. म्हणाला, "आजोबा, लढाईची कादंबरी द्या. मरणाचा सीन जोरदार पाहिजे." मटणाच्या दुकानात उभं राहून चांगला तुकडा मागावा तसा. मी काढून दिली आणि माझीच मला शिसारी आली.

दुष्काळात आपण शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. तुम्ही लढाईवरून परतलेले. मी चौथीत शाळा सुटलेला, पण वाचायचं वेड. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली मी कादंबरी मोठ्यानं वाचायचो, भाकरी खाता खाता बाया ऐकायच्या. त्या दिवशी कादंबरीतला कोवळा जवान गोळी लागून पडतो, हसतो आणि पानभर बोलतो, आईशी, मातीशी, मागं राहिलेल्या सगळ्यांशी. बाया पदरानं डोळे पुसतायत. आणि तुम्ही तोंडातला घास थुंकता.

"खोटं हाय हे! माझ्या शेजारी मेलं ते पोरगं मिसरूडबी न फुटलेलं. चड्डीत मुतलं होतं. माझं मनगट सोडंना. 'मला घरी न्या' एवढंच म्हणत होतं. तोंडात रगत आल्यावर भाषण कुठलं रं?"

बायांनी डोळ्यांचे पदर खाली सोडले. माझे ऐकणारे हातचे चालले. मी म्हणालो, "मामा, तुम्ही भ्यालात, म्हणून तुम्हाला समदीच भित्री दिसत्यात." एक बाई खुदकन हसली, मग सगळ्याच. दुसऱ्या दिवसापासून मुकादम हजेरीला "पळपुटे मामा" असं पुकारायचा. तुम्ही मान खाली घालून "हाजर" म्हणायचात.

पुढं लातूर जिल्हा झाला, मला वाचनालयात शिपायाची नोकरी लागली आणि मी कपाटंच्या कपाटं वाचून काढली. बहुतेक कादंबऱ्यांत पोरं फुलासारखी गळतात. वाचून किळस येते, हे लिहिणारे कुणाच्या उशाला कधी बसलेच नाहीत का? एखाद्यानंच खरं लिहिलंय. त्यात ती ओली चड्डी सापडली, ते मनगटही सापडलं. तुम्ही एकदा बाजाराला आलात तेव्हा म्हटलं, "मामा, आत या की." तुम्ही दारातूनच म्हणालात, "नगं बाबा. आत लई शूर माणसं बसल्यात." माफी मागायची ती वेळ होती. मी चहा मागवला.

हा कागद कुठल्या टपालात पडणार नाही, म्हणून धीर करतो. ते भाषण पुस्तकात नव्हतंच, मामा. तिथं एकच ओळ होती, पोरगा आईला हाका मारत मेला. बाकीचं मी बायांना रडवायला तिथल्या तिथं रचलं होतं.

उत्तर लवकर लिहा. नुसत्या शिव्या लिहिल्या तरी चालतील.