कड्यावरची रिकामी कपार

प्रिय भोपळे,

तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या लेकीने उचलला आणि "आई झोपलीय, मावशी" म्हणाली. सकाळी झोपलेली, दुपारी झोपलेली आणि दिवेलागणीलाही झोपलेली बाई एक तर आजारी असते, नाहीतर तिला बोलायचं नसतं. सगळी नोकरी वॉर्डात काढली मी. झोपेचं सोंग मला चादरीवरूनच कळतं. लेकीला रागावू नकोस, बिचारीला धड खोटंही बोलता येत नाही. तुझ्यावर गेलीय. म्हणून हे पत्र. याला "झोपलीय" म्हणून परत पाठवता येणार नाही.

इथली बातमी अशी की खाणीची जनसुनावणी ठरली. येत्या शुक्रवारी सकाळी, नगरपालिकेच्या सभागृहात. सरकारी अधिकारी दोन्ही बाजू ऐकणार आणि मग अभयारण्याच्या कुंपणाला खेटून असलेला आपला डोंगर फोडायचा की ठेवायचा, यावर शेरा मारणार. कंपनीने घरोघरी गुळगुळीत कागदाची पुस्तिका वाटलीय. मुखपृष्ठावर रोपटं धरलेली गोड मुलगी. आत लिहिलंय की दगड काढून झाला की खड्ड्यात तळं करून देऊ, काठाला बाकं टाकू. म्हणजे आधी धडधाकट पाय कापायचा आणि मग चांदीच्या मुठीची काठी भेट द्यायची. शेजारीण म्हणाली, "अहो, पण तळं छान दिसेल की!" मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती आत जाऊन गॅस बंद करून आली. चालू नव्हताच.

शाळेत तुला गणितात भोपळा मिळाला तो दिवस आठवतो? सिस्टरांनी तुला वर्गाबाहेर उभं केलं आणि तू खिडकीतून खुणा करून मला सांगत होतीस की समोरच्या झाडावर कोणीतरी घरटं बांधतंय. मी हसले, मग मलाही बाहेर काढलं आणि वर उलट उत्तर दिलं म्हणून 'मिरची' हे नावही चिकटलं. पुढे मी स्वतःच सिस्टर झाले, इंजेक्शनं देणारी, आणि तू बँकेत गेलीस. गणितात भोपळा मिळवणारी बाई कॅशियर होते, यावर आपण किती वर्षं हसलो! पण बाहेर उभं राहून घरटी बघायचं तुझं वेड काही सुटलं नाही. निवृत्तीनंतर मला पहाटे उठवून डोंगरावर नेणारी तूच. गुडघे कुरकुरत होते आणि त्यांच्यापेक्षा मी जास्त. मग तू दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावलीस आणि कड्याच्या कपारीत ती ससाणी दिसली. अशी बसली होती की जणू सगळी दरी तिच्या नावावर आहे.

मग पाखरं आणि डोंगर राखायला आपण संस्था काढली, तिचा पहिला नियम मी घातला होता, वॉर्डातला. बाळंतिणीचा खाट नंबर बाहेर सांगायचा नाही. घरट्याची जागा कुठे लिहायची नाही, कुणाला दाखवायची नाही, बैठकीतसुद्धा 'बाळंतीण' एवढंच म्हणायचं. तू सांगायचीस, "बाळंतीण मजेत आहे, नवरा डबा देऊन गेला." आणि आपली बैठक भरायची त्या अध्यक्षांच्या दातांच्या दवाखान्यात दाढदुखीने कण्हत बसलेला एखादा पेशंट आपल्याकडे बघत राहायचा की ही म्हातारी माणसं कुणाच्या सुनेबद्दल इतकी खूश आहेत. नऊ वर्षं तू समोरच्या उतारावरून, लांबून, तिचे फोटो काढलेस. नऊ वर्षं ती त्याच कपारीत आली. एकदाही तिने मान वर करून आपल्याकडे पाहिलं नाही. याहून मोठी पावती मला वॉर्डात कधी मिळाली नाही.

आणि मग खाणीची कुणकुण लागली. लोकांना जाग आणायची तर काहीतरी दिसायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. तू काढलेला ससाणीचा फोटो निवडला, खाली 'हिचं घर फोडू नका' असं छापलं आणि प्रत्येक खांबावर चिकटवला. ससाणीच्या मागे खडकावरचा तो तांबडा ओघळ होता. डोंगर ओळखणाऱ्या कुणालाही जागा कळायला तेवढा पुरे. नऊ वर्षं ओठांत धरलेली गोष्ट आपणच खांबाखांबावर टांगली, आणि दवाखान्यात बसलेल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. जंगलाच्या बाजूने भांडणारी माणसंच अशी चूक करू शकतात; खाणवाल्यांना पक्ष्याचं एवढं कौतुक कुठे?

पुढचं तुला सांगायला नको. कॅमेरेवाले आले, त्यांचे ट्रायपॉड आले, कुणी ड्रोन आणला, कुणी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला. सगळे पक्षिप्रेमी! ती उडाली, घिरट्या घालत राहिली आणि मग दरीपार निघून गेली. अंडी तशीच. तू आणि मी खालच्या दगडावर उन्हं उतरेपर्यंत बसून होतो. पुढच्या आठवड्यात घराला कुलूप लावलंस आणि लेकीकडे निघून गेलीस.

आता ऐक. त्यानंतर कंपनीचे पाहणीवाले डोंगरावर आले. त्यांच्या अहवालात एक ओळ आहे, 'कड्यावर वीण आढळली नाही.' ते आले तेव्हा कपार रिकामीच होती, त्यामुळे ती ओळ खरी आहे. तेच तर झोंबतं. घरटं आहे असं सिद्ध झालं तर डोंगराला हात लावताना त्या अधिकाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागेल. नसेल, तर तो नुसता दगड.

परवा बैठक झाली, त्याच दवाखान्यात, भिंतीवरच्या किडक्या दातांच्या चित्राखाली. चिटणीसांनी तोडगा काढला. कंपनीने चाचणीसाठी भोकं पाडली आहेतच, तर त्या हादऱ्यांनी पक्षी उडाले असं सांगून टाकू. मी म्हटलं, यंत्र आलं तेव्हा पक्षी जाऊन चांगला पंधरवडा उलटला होता. तर म्हणतात, "ताई, तारखा कोण बघतंय? आणि खाणवाले काय हरिश्चंद्र लागून गेलेत?" मी म्हटलं, "ते नाहीत म्हणून तर आपण आहोत. दोन्ही बाजूंना तसलेच बसवायचे असतील तर एकच बाजू ठेवा, खुर्च्या तरी वाचतील." अध्यक्ष चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मॅडम, भावना समजते, पण शेवटी जंगल वाचणं महत्त्वाचं." मी विचारलं, "डॉक्टर, चुकून शेजारचा दात उपटलात तर पेशंटला काय सांगता? वाऱ्याने पडला?" बिस्कीट चहात पडलं. तरी चिटणीस ऐकेनात. "खरं सांगितलं तर आपलंच हसं होईल. शिवाय त्या बाईंचं नाव निघेल ते वेगळं."

त्या बाई! ज्या माणसाने कोपरापर्यंत खळ माखून अर्ध्या गावात ते पोस्टर डकवलं, तो तुला 'त्या बाई' म्हणतो. पर्स उचलली आणि निघाले. दाराशी वळून सांगितलं की खोटं निवेदन वाचलंत तर सभागृहात पहिला हात माझा वर होईल. मागून कोणीतरी "मिरची" म्हणालं. मी पन्नास वर्षं ऐकतेय, नवीन काही शोधा.

घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि राग उतरल्यावर नीट विचार केला. वॉर्डात आमच्या हातून काही बिघडलं की मोठे डॉक्टर 'केस गुंतागुंतीची होती' असं म्हणायचे, आणि नातेवाईक त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्यांना कळायचं, कळतंच. अधिकाऱ्यालाही कळेल. कंपनीकडे यंत्र आल्याच्या तारखा आहेत. आपलं एक वाक्य खोटं ठरलं की बाकीची खरी वाक्यंही त्याच कचऱ्याच्या टोपलीत जातील. आणि भोपळे, गंमत बघ, खरी गोष्टच जास्त वजनाची आहे. नऊ वर्षं ती तिथे येत होती. प्रेमाने आलेल्या मूठभर कॅमेऱ्यांनी ती उडाली. मग सुरुंगांनी काय होईल, हे अधिकाऱ्याला वेगळं सांगायला लागेल का? तूच सांगायचीस, ससाणे जुनी कपार सहसा सोडत नाहीत. पुढच्या वर्षी ती परत बघायला येईल. तेव्हा कडा जागेवर असायला हवा, एवढंच आपल्याला शुक्रवारी मागायचं आहे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. शुक्रवारी मी उभी राहून म्हणणार आहे की घरटं होतं आणि ते आमच्या पोस्टरने उठलं. 'आमच्या' असंच म्हणेन. तू नको म्हणालीस तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, आणि हे सगळं तुला वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले. पण नुसत्या माझ्या बडबडीने अधिकारी डोलणार नाही. नऊ वर्षांतली तिची पिल्लं तुझ्या फोटोंत आहेत आणि ती कपार तुझ्याइतकी कुणी पाहिलेली नाही. तू ते फोटो समोर ठेवून सांगितलंस, शेवटच्या फोटोचं काय झालं तेही सांगितलंस, तर डोंगराला काही आशा आहे. लाज वाटेल, माहीत आहे. लोक कुजबुजतील. कुजबुजू देत, त्यांना उत्तरं द्यायला मी आहे, तुला फक्त खरं बोलायचंय. उत्तर लिहीत बसू नकोस, तेवढा वेळ नाही. गुरुवारच्या गाडीने निघ, माझ्याकडेच उतर. सभागृहात मी लवकर जाऊन पहिल्या रांगेत, चिटणीसांच्या अगदी समोर, माझ्या शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरणार आहे. ती पिशवी उचलायची कुणाची हिंमत होते ते बघतेच.

तुझीच,
मिरची